न थांबणारा गाडा

अमरावतीतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एक भाजीवाली येते. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण तिचा गाडा थांबत नाही. भाव करायचा तर बाजूने चालायचं. डॉक्टरांनी मला फिरायला सांगितलं, तेव्हापासून मी ओट्यावर बसून त्यावर विचारच करत होतो. पण वांग्यांची घासाघीस करता करता रोज मारुतीच्या देवळापर्यंत पोचू लागलो.

एकदा शेजाऱ्यांच्या सुनेसमोर तोच गाडा चांगला दहा मिनिटं उभा दिसला. मी विचारलं, "तिच्यासाठी थांबतं, माह्यासाठी काहून नाही थांबत?"

पदराने घाम पुसत ती म्हणाली, "तिचे गुडघे नवे हायेत, गुरुजी. तुमचे जाम झाले तं माह्यासंग घासाघीस कोन करन?"

मी रागावून दोन दिवस ओट्यावरून उठलो नाही. तिसऱ्या दिवशी तिने गाडा माझ्यासमोर उभा केला आणि मी म्हटलेला भाव लगेच कबूल केला. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"बाई, तू चालत राह्य," मी चपला घालत म्हणालो. "कांदे कसे देल्ले?"

घरात कांद्यांचं अख्खं पोतं होतं.