लागोसच्या कापडबाजारातला हात

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाणारी बाई आहे. आमच्या घरात बुद्धवंदना होते. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची असलं काही नाही. तरी आज या सदरात लिहितेय, कारण एक गोष्ट इतकी वर्षं झाली तरी मला पचलेली नाही.

माझं माहेर कोन गाव, कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं. वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात होते. लूमच्या खडखडाटात कितीही ओरडा, ऐकू जात नाही. म्हणून तिथले कामगार हातांनी बोलायचे, आणि आबांच्या कारखान्याच्या खुणा त्यांच्या त्यांच्याच होत्या. आबांचे कान त्या आवाजाने गेले होते, त्यामुळे घरीही आम्ही खुणांनीच बोलायचो. 'धागा तुटला' म्हणजे हात उंच करून मूठ झटकन उघडायची. त्याला उत्तर — 'मिळाला, धरलाय, सावकाश ये' — मूठ दोनदा छातीला लावायची आणि पंजा उघडून दाखवायचा. आबांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मशीनमध्ये अर्धं गेलं होतं. तो पंजा मी लांबूनही ओळखायचे.

१९८८ साली माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, नायजेरियात लागोसच्या एका कापडगिरणीत नोकरी लागली. मागोमाग मी आमच्या तीन वर्षांच्या प्रज्ञाला घेऊन निघाले. गावात बायकांनी डोळ्याला पदर लावले. "आफ्रिकेत नेतेस पोरीला? तिथं काय हाय?"

काय होतं सांगू? भिवंडीच होती, नुसती फुगवलेली! पिवळ्या मिनीबसच्या दारात लोंबकळत कंडक्टर ओरडायचे, अगदी आपले रिक्षावाले "कल्याण, कल्याण" ओरडतात तसे. लाइट गेली की दुकानोदुकानी जनरेटर धडधडायला लागायचे. डोक्यावर केळ्यांची भलीमोठी परात घेऊन बाया अशा ऐटीत चालायच्या की मी बघतच राहायचे. मला सगळे "मॅडम, मॅडम" म्हणायचे आणि भाव दुप्पट सांगायचे. मीही सोडत नव्हते. गिरणीच्या कॉलनीतल्या आपल्याकडच्या बायका फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत आणि मलाही बजावायच्या, "एकटी जाऊ नकोस गं." मी म्हटलं, हट्! भरगर्दीत धामणकर नाका ओलांडणारी मी, मला कसली भीती घालता?

एका दुपारी प्रज्ञाला घेऊन मी कापडबाजारात गेले. अरुंद गल्ली, दोन्हीकडे कापडाचे ढीग, मधून हातगाड्या आणि माणसंच माणसं. एका कापडाचा पोत बघायला मी तिचा हात सोडला... वळून बघते तर पोरगी नाही.

मी ओरडले. जनरेटरच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. इकडे धावले, तिकडे धावले. कुणाला काय सांगू, कुठल्या भाषेत सांगू? शेवटी दुकानदाराला न विचारताच मी त्याच्या गठ्ठ्यावर चढले आणि माझा हात आपोआप वर गेला. मूठ झटकन उघडली. धागा तुटला!

आणि लांब, गल्लीच्या टोकाला, माणसांच्या डोक्यांवर एक हात दिसला. मूठ छातीकडे खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली... मग वर येऊन पंजा उघडला. मधलं बोट अर्धं.

मी गठ्ठ्यावरून उडीच मारली. माणसांना ढकलत त्या टोकाला पोहोचले तर एका दुकानाच्या पायरीवर एक जाडजूड बाई बसलेली, आणि तिच्या गुडघ्यांत माझी प्रज्ञा. बाई तिच्या बारीक बारीक वेण्या घालत होती. अर्धं डोकं झालंही होतं. मी पोरीला छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडले. प्रज्ञा उलट माझ्यावरच चिडली, "आई, वेणी राहिली ना!"

जरा भानावर आल्यावर मी बाईला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, हात कुणी केला? तिने नकारार्थी मान हलवली. "नो, मॅडम. सी माय हँड." दोन्ही हात केसांत गुंतलेले. दहाही बोटं धड. मी त्या गल्लीतल्या एकेका माणसाचे हात न्याहाळले, लोक हसायला लागले माझ्यावर. तसा हात कुणाचाच नव्हता.

सुधाकर म्हणाला, गिरणीतला कुणी कामगार असेल, आपल्याकडच्या विणकाम मास्टरांकडून शिकला असेल. मी म्हटलं, आबांच्या कारखान्याची खूण? तू जावई असून तुला तरी येते का?

पुढे सुट्टीत भिवंडीला आलो. सासूबाईंनी ऐकलं आणि लगेच सुरू, "पोरीवरून उतारा काढ." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ज्याने माझी पोर सांभाळली त्याला पळवून लावायला उतारा काढू? डोंबल!

आबांनाही खुणा करून विचारलंच. ते हसले. "मी न्हाय, बाय. मी तवा लूमवर, दिवसपाळीला. लागोसला येनार कसा?" मग म्हणाले, "कुठला हात व्हता?"

"उजवा."

त्यांनी आपला उजवा पंजा उलटापालटा करून पाहिला आणि चहाची बशी तोंडाला लावली.

त्या बाजारात मी नंतरही जात राहिले, प्रज्ञाला घेऊनच. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, एवढं होऊनही जातेस? जाणारच! आता ही गोष्ट सांगितली की लोक मला दोन्हीकडून समजवायला येतात. कुणी म्हणतं भास, कुणी म्हणतं दैवी कृपा. भास म्हणावा तर ज्या टोकाला हात दिसला तिथेच पोर कशी सापडली? आणि कृपा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, रेटणारही नाही. स्पष्टीकरण नाही माझ्याकडे. नसू दे. पोर आहे.