भरलेली टाकी

आज शहरात सिल्व्हर पार्कच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने कित्येक महिने बंद असलेल्या माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला आणि शिळ्या पेट्रोलचा आंबूस वास नाकात गेला. काही वर्षांपूर्वी गावी, तारोडीच्या किनाऱ्यावर, आमच्या शिडाच्या होडीच्या इंजिनातून हाच वास आला होता. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की बाबा इंजिनाची टाकी स्वतः रिकामी करायचे, पण त्या वर्षी होडी ओढली त्याच दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. काका टाकी उपसायला निघाले तर आई आडवी आली. "माणूस हास्पिटलात हाय, टाकी न्हाय उपसायची. तो येईल नि करेल." बाबा आले, पण उजवा हात आणि बोलणं तिकडेच राहिलं. नारळी पुनव झाल्यावर काकांनी ताडपत्री काढून कार्ब्युरेटर खोलला. आत पेट्रोलचा पाकासारखा चिकट थर बसला होता. काका तारेने एकेक भोक मोकळं करत होते, खाऱ्या वाऱ्यातही तो वास हलत नव्हता, आणि शेजारी खुर्चीत बाबा समुद्राकडे तोंड करून बसले होते. टाकीत उरलेल्या पेट्रोलात थोडंसं ताजं घातल्यावर इंजिन खोकत खोकत चालू झालं. आईने चटकन बाबांकडे पाहिलं. त्यांनी मानही वळवली नाही. काकांनी इंजिन बंद करून विचारलं, "वैनी, टाकी भरू ना?" आईने बाजूला पडलेली ताडपत्री उचलली. मग म्हणाली, "न्हाय. हाय ते पण उपसून टाक." आज मेकॅनिकने विचारलं, "पुराना पेट्रोल फेंक दूँ?" हो म्हणण्याआधी मी टाकीचं झाकण उघडून तो वास पुन्हा एकदा घेतला.