दहाचा वाटा

आमच्या बाजारात वांग्याचे तीन भाव आहेत हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. आणि मी म्हणे सिमेंट कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर! आज भट्टीतून किती क्लिंकर निघालं, टनामागे किती कोळसा जळला, मला झोपेतून उठवून विचारा, चटकन सांगेन. वांग्यानं मात्र माझी पार जिरवली.

जन्म माझा कोरपन्याजवळच्या एका खेड्यातला. शिकलो आणि निघालो. राजस्थान, गुजरात, आंध्र, जिथे चुनखडी तिथे आम्ही. आई गेल्यावर बाबा गावात एकटे राहिले, म्हणून जास्तीच्या पगारावर पाणी सोडून इथल्या कारखान्यात आलो. कंपनीच्या कॉलनीत राहायला लागलो, गावापासून आठ किलोमीटरवर. बाबांना म्हटलं, माझ्याकडे चला. ते म्हणाले, "तुह्या कॉलनीत माणूस माणसाले फोन करून भेटते. मी नाई येत." आले नाहीतच. आठवडी बाजारात भेटायचो, भाजी घ्यायचो, टपरीवर चहा घ्यायचो, की मग ते त्यांच्या वाटेनं आणि मी माझ्या.

दोन वर्षं बरी गेली. मग मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, तिची फी, तिचं हॉस्टेल, आणि पगार पुरेना. नेमका तेव्हाच गुजरातच्या जुन्या कंपनीचा फोन आला. पगार दीडपट. बायको शहाणी बाई, तिनं आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, बाबांसाठी आलो ते बरोबरच केलं. पण इथे पगार वाढला तर राहू, नाहीतर आता पोरीकडे बघायला हवं." यात चूक काय काढणार?

मी हेड ऑफिसला पगारवाढ मागितली. तिकडचे साहेब फोनवर हसले. "तुमच्याकडे राहायला खर्च तो काय हो? आणि तुम्ही तर लोकल!" लोकल म्हणजे काय, मी हवा खाऊन जगतो? असा संताप आला! तरी त्यांनी एक तक्ता पाठवला. स्थानिक बाजारातले भाव भरून पाठवा, महागाई दिसली तर बघू. भाव किलोचे.

बाबांना गुजरातचं सांगितलं. ते अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "पगार जास्त हाये त जा." पुढे म्हणाले, "च्या घेतं का?" मला लागलं, खोटं कशाला बोलू? एकदा तरी 'नको जाऊ' म्हणावं की नाही माणसानं?

असो. तक्ता घेऊन बाजारात गेलो. जिवतीच्या पहाडावरून एक बाई वांगी, वालाच्या शेंगा, सांभार घेऊन येते. सांभार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, भलतं समजू नका. तिच्याकडे वजनकाटा नाही. पोत्यावर वांग्यांचे ढीग मांडलेले, त्याला वाटा म्हणायचं. वाटा उचलायचा, पिशवीत टाकायचा, पैसे द्यायचे. मी किलोचा भाव विचारला. ती म्हणाली, "किलो कुठी हाये साहेब? वाटा हाये. तीस रुपये." घेतला. आता किलोचा हिशोब कसा काढायचा? नेला कारखान्याच्या लॅबमध्ये आणि ठेवला काट्यावर. आमचा केमिस्ट गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, हा कोणत्या भट्टीचा नमुना?" लेकाचा!

पुढच्या बाजाराला टपरीवर बाबांची पिशवी बघितली. तसाच वाटा, वर दोन वांगी जास्तच. विचारलं, केवढ्याला? "दहाले," बाबा ताठ बसून म्हणाले. "पहिलेपासून दहाचाच वाटा घेतो मी. मले कोणी ठगवत नाई."

मला तीस आणि यांना दहा! इथल्या मातीत जन्मलो आणि मलाच साहेबाचा भाव? त्यानंतरच्या बाजाराला जीप घरी ठेवली, डोक्याला दुपट्टा बांधला, स्कूटरवर गेलो आणि अस्सल आवाज काढला, "काऊन वं बाई, वाटा केवढ्याले देल्ला?" तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दुपट्टा झ्याक दिसते साहेब," ती म्हणाली, "पण बूट कारखान्याचेच हायेत. तीस रुपये." आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सेफ्टी बूट काढायचे राहिले होते ना!

तेवढ्यात एका माणसानं वीस रुपये टेकवले, वाटा उचलला आणि गेला. वीस! म्हणजे तिसराच भाव. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "लुटून राह्यली का मले? माह्या बाले दहा, त्याले वीस अन् मले तीस?"

ती काही चिडली नाही. वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, "वाटा वीसचाच हाये साहेब. तुमचा म्हातारा दहाच देते. वीस म्हटलं त भांडते, वाटा ठेवून रिकामा जाते. एक खेप तसाच गेला, मले जेवण गेलं नाई. मंग त्याचे दहा तुमच्यात लावतो. घर त एकच हाये ना तुमचं?"

  घर एकच आहे, हे तिला पहाडावरून दिसलं होतं, आणि मी कॉलनीत राहून दर आठवड्याला पाहुण्यासारखा चहा पीत होतो. मला लाज वाटली, खरंच लाज वाटली.

तक्त्यात तीसच्या वाट्यावरून किलोचा भाव लिहून ठेवला होता, तो खोडून वीसच्या हिशोबानं लिहिला. महागाई काही दिसली नाही. चार दिवसांत उत्तर आलं, पगारवाढ नाही. गुजरातला होकार कळवायची मुदत नेमकी पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संपत होती.

त्या बाजाराला बाबांना नक्की सांगायचं म्हणूनच गेलो. आधी वाटा घेतला, मुकाट्यानं तीस दिले. बाबांनी बाईला गुजरातचं सांगितलेलं दिसलं, कारण तिनं विचारलं, "जायाचं काय ठरलं साहेब?" मी म्हटलं, "बहुतेक जाऊन राह्यलो."

तिचा हात थांबला. म्हणाली, "मंग म्हाताऱ्याले खरा भाव सांगा लागन."

मागून बाबा आलेच. माझ्या पिशवीत डोकावले. "केवढ्याले घेतला?"

"तीसले."

"तीस!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा मिरचीवालाही वळून बघू लागला. "अबे, एवढा मोठा साहेब झाला अन् तुले वांगे घेता येत नाई? काय शिकला रे कॉलेजात?" बाई खाली मान घालून वांगी रचत होती. बाबांनी दहाचं नाणं काढलं, तिच्या पोत्यावर ठेवलं, ऐटीत वाटा उचलला. आणि माझ्याकडे न बघता, पिशवीचे बंद सारखे करत म्हणाले, "राह्य ना गा इथीच. शिकवतो मी तुले."

सगळ्या आयुष्यात बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

गुजरातला मी नाही म्हणून कळवलं. बायको दोन दिवस फीच्या पावत्या मांडून बेरजा करत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरीची फी आपण दोघं मिळून भरू," आणि कॉलनीच्या शाळेत शिकवायला लागली. माझी शिकवणी बाजारात चालू आहे. दर आठवड्याला मी तीस रुपये देतो आणि बाबांच्या शिव्या खातो.