उजवीकडचा डाग

मला दुसरा डाग द्यायचा ठरला त्या दिवशी ओसरीवर कोन कोन व्हतं ते आधी सांगते. माझ्या सासूबाई, मामंजी, मोठी जाऊ, गाठीला डाग देनारा म्हातारा, अन् मी; कुडापलीकडं शेजारची चाची. मालक नव्हते, ते जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला गेल्ते. राज्य निजामाचं व्हतं. माझं लगीन होऊन फार दिस झाले नव्हते.

माझ्या डाव्या जबड्याखाली गाठ आल्ती. गंडमाळ म्हनायचे तिला. आंब्याच्या कोयीएवढी झाली तवा सासूबाईनं त्या म्हाताऱ्याला बोलावलं. कुंभार पिंपळगाव म्हनून गाव हाय, तिथल्या बाजारात तो बसायचा. त्यानं सळई लाल केली अन् गाठ फोडली. घान निघाली, जखम भरत आली. सासूबाईनं त्याला ज्वारी दिली. समद्याला वाटलं, बरी झाली.

मला तेवढं कळत व्हतं की जीभ बराबर हालंना. भाकरीचा घास डावीकडं गेला की तिथंच बसायचा, बोटानं काढावा लागायचा. पानी पिताना ठसका. बोलले तर तोंडात बोर धरल्यावानी. पन सुनेचं बोलनं ऐकतं कोन? मामंजीसमोर तर आम्ही तोंडच उघडत नव्हतो. पदर नाकापर्यंत, अन् जेवायचं समद्यांच्या मागून, चुलीकडं तोंड करून. म्हनून लई दिस कोनालाच दिसलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. जीभ गेली म्हनून माहेरी धाडून देतील, ही धास्ती.

एकदा दळताना जावेनं इचारलं, "आगं, तू पिऊन आल्यावानी कामून बोलती?" मी जीभ काढून दाखवली. ती जात्याचा खुंटा सोडून उठली. जीभ सरळ बाहेर येतच नव्हती, डाव्या अंगाला वळायची. डावी बाजू सुकलेली, सुरकुत्या पडलेली, अन् आतून किडे वळवळावे तशी थरथरायची.

जावेनं सासूबाईला सांगितलं, सासूबाईनं पुन्हा त्याच म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं माझी जीभ पाहिली, हनुवटी धरून इकडं तिकडं फिरवली, अन् म्हनला, "सोपं हाय. डावीकडं डाग दिला म्हनून डावीकडं वळली. आता उजवीकडं तेवढाच देऊ, म्हंजी मधात येईल."

सासूबाईला ते पटलं. गाडीचं एक चाक दबलं तर दुसऱ्या बाजूला वझं टाकत्यात ना, तसं. जावेला पटलं. खरं सांगते, मला बी घडीभर पटलं. पन त्यानं गोवऱ्यांच्या इस्तवात सळई खोवली अन् मी मागं सरकले. पहिल्या डागाचा वास माझ्या नाकातून गेला नव्हता. अन् मनात एकच चाललं व्हतं, उजवीकडूनच काय तो घास गिळते. ही बी बाजू गेली तर?

जावेनं मागून माझे हात धरले. "डोळे झाक बाई," ती कानात म्हनली, "जल्दी होतंय."

चाची कुडावरून वाकून पाहात व्हती. ती म्हनली, "क्यों भाबी, एक पाव जल गया तो दुसरा भी जलाते क्या?"

"तुमी तुमच्या बकऱ्या बघा," सासूबाई म्हनल्या.

"बकरी कू भी ऐसा नै करते हम."

मामंजी खांबाला टेकून खाली बघत बसले व्हते. बायांचं दुखनं, म्हनून ते मधी पडत नव्हते. म्हातारा सळई घेऊन उठला. तिचं टोक लाल व्हतं. तवा मी हात सोडवले अन् मामंजीच्या पुढं जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "मामंजी, नका," म्हनले, पन ते मलाच समजलं न्हाई असं निघालं. मंग पदर मागं सारला अन् त्यांच्यासमोर जीभ काढली.

"लाज सोडली का गं," सासूबाई म्हनल्या.

मामंजीनं जीभ पाहिली. लई येळ पाहिली. मंग त्या म्हाताऱ्याला म्हनले, "ही अर्धी वाळली, ती तुझ्या डागानं?"

"मधात येईल ना आता, पाटील."

"आली मधात अन् तिथंच बसली, हाललीच न्हाई तर?"

म्हाताऱ्यानं सळई राखंत खुपसली. मामंजी उठले अन् बैलं जुपली.

जालन्याला दवाखान्यात डॉक्टरीन बाई व्हत्या. त्या जीभ काढ म्हनल्या की माझं तोंडच उघडंना, मामंजी तिथंच उभे व्हते. ते समजले अन् भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले. बाईनं पाहिलं, गळा चाचपला. म्हनल्या, "जीभ हालवनारी शीर गळ्यातून जाते. डावी एक, उजवी एक. डावी सळईनं जळली. उजवी चांगली हाय, तीच जिभेला डावीकडं ढकलती. तिला डाग दिला असता तर पानी बी गिळता आलं नसतं."

मामंजीची पाठ मला दिसत व्हती. ते हालले न्हाईत.

मंग बाईनं माझं बोट धरून उजव्या जबड्याखाली ठेवलं. तिथं बी गाठ व्हती, बोराएवढी. त्या म्हनल्या, हिला हात लावू देऊ नका. दूध, ऊन अन् माशाचं तेल द्या. सासूबाईच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मासा चालत नव्हता, म्हनून तेलाची बाटली गोठ्यात ठेवायची अन् मी तिथं जाऊन प्यायची.

वर्सभर मी रोज सकाळी घंगाळातल्या पान्यात वाकून जीभ काढून पाहायची. उजवी बाजू जाड हाय का, थरथरती का. गाठ हळूहळू कमी झाली. हरभऱ्याएवढी राह्यली, ती अजून हाय. डावी जीभ काही आली न्हाई. मी उजवीकडून खायला शिकले. बोलनं लोकांना कळायला लागलं. आता बी घास अडकतो, बोटानं काढते.

वाचनाऱ्याला एक सांगनं हाय. घरात कोनाच्या गळ्याला गाठ आली तर सळई लावू नका, तिला जीभ काढायला सांगा अन् दवाखान्यात न्या. अन् ती सून असंल तर तिला समद्यांसंगं जेवायला बसवा. तिचा घास अडकतो का ते बघा.