माझ्या सर्व्हरमध्ये तिचं सी

लातूरच्या एका डाळमिलचं काम माझ्याकडे होतं. तुरीची गाडी आली की मूठभर तूर पांढऱ्या ताटात पसरायची, वरून फोटो घ्यायचा, आणि त्यात डागी दाणे किती, फुटके किती, ते मिलच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या माझ्या सर्व्हरनं सांगायचं. सगळं जावास्क्रिप्टमध्ये मी एकट्यानं लिहिलेलं. नांदेडला घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस, तिथूनच काम चालायचं.

उत्तर बरोबर यायचं, पण फार उशिरा. एक फोटो मोजायला घेतला की सर्व्हर दुसरं काहीच करायचा नाही. गेटवर नुसती गाडीची नोंद करायची म्हटली तरी ती अडकून बसायची. मिलमालक फोन करायचे, "साहेब, गाड्या थांबून राहिल्यात. तुमचं ते गोल नुसतं फिरून राहिलंय." मी म्हणायचो, बघतो. बघून बघून थकलो होतो.

बायको आणि मी एकाच कॉलेजात होतो. लग्नाआधी ती पुण्यात मशिनी बनवणाऱ्या एका कंपनीत 'सी' भाषेत प्रोग्राम लिहायची. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली. आता मुलगी शाळेत जायला लागली होती आणि हिच्या दुपारी मोकळ्या झाल्या होत्या. एक दिवस ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून स्क्रीन वाचत होती. म्हणाली, "हा मोजणीचा तुकडा मी सीमध्ये लिहू का?"

"सर्व्हर जावास्क्रिप्टचा आहे."

"असू दे की. सी कंपाइल करून त्याचं मॉड्यूल बनवता येतं. बाकीची मॉड्यूल बोलावतोस तसंच हे एका ओळीत बोलवायचं. तू फोटो द्यायचा, ते आकडे देईल. आत काय चाललंय ते तुला बघायची गरजच नाही."

तिनं हे सहज म्हटलं. मला मात्र ते शेवटचं वाक्य लागलं.

ती डायनिंग टेबलावर जुना लॅपटॉप घेऊन बसायला लागली. कंपाइल करताना एरर आली की ती 'अरे देवा' म्हणायची, आणि इकडे मला आतून बरं वाटायचं. मी विचारायचो, "जमत नसेल तर राहू दे." ती मान हलवायची आणि पुन्हा खाली बघायची. कॉलेजात ती अशीच बसायची. तेव्हा मला ते आवडायचं.

मग एक दिवस तिनं मला फाइल दिली. उघडली तर वाचता येण्यासारखं काही नाही, कंपाइल होऊन नुसती मशिनची भाषा. माझ्या कोडमध्ये मी एक ओळ वाढवली, मोजणीचे माझे सगळे फंक्शन काढून टाकले आणि फोटो दिला. माउसवरचा हात उचलायच्या आत आकडे आले. दुसरा फोटो दिला, तिसरा दिला. तेच.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"बरंय," मी म्हणालो. "पहिल्यापेक्षा फास्ट आहे."

आमच्या लॅपटॉपवर कंपाइल केलेली फाइल मिलच्या कॉम्प्युटरवर चालेना. तो वेगळा, त्याच्यासाठी तिथंच कंपाइल करावं लागणार होतं. म्हणजे तिला लातूरला न्यावं लागणार होतं. मिलच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि मी बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. काम झालं. गेटवरची रांग सरकायला लागली. कपाळाला विभूती लावलेले मालक दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "वहिनी, लई भारी काम केलंत." मग मुनीमजी आले, तेव्हा मालकांनी ओळख करून दिली, "ह्या म्याडम. आणि हे म्याडमचे मिस्टर."

वर्षभर त्या मुनीमजींशी मी रोज फोनवर बोलत होतो. त्यांनी मला नव्यानं नमस्कार केला.

थोड्या दिवसांनी सर्व्हर पडला. नुसती मोजणी नाही, गेटची नोंद, पावत्या, सगळंच एकदम बंद. जावास्क्रिप्टमध्ये चूक झाली तर एरर पकडता येते, बाकीचं चालू ठेवता येतं. आतल्या सीनं दगा दिला तर ते अख्खा सर्व्हर घेऊन पडतं. हे मला वाचून माहीत होतं आणि मी त्या दिवसाची वाटच बघत होतो म्हटलं तरी चालेल. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी म्हणालो, "तुझ्या सीनं सगळी मिल बंद पाडली."

तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि येऊन बसली. बराच वेळ ती सर्व्हरच्या नोंदींचा लॉग वाचत होती. मग म्हणाली, "कॅमेऱ्याची वायर निघाली असेल. तुझ्याकडून रिकामा फोटो आलाय."

रिकामा फोटो पुढे पाठवायचा नाही, हे बघणं माझ्या भागाचं काम होतं. ती म्हणाली, "पण मीही तपासायला पाहिजे होतं. चूक माझीच धर." दोन ओळी तिनं वाढवल्या, लातूरला तेव्हा करून ठेवलेल्या सोयीनं इथूनच मिलच्या कॉम्प्युटरवर पुन्हा कंपाइल केलं. मालकांना फोन करून तिनं तसंच सांगितलं की माझ्याकडून राहिलं होतं. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मालकांचा फोन माझ्याच नंबरवर यायचा, पण मी 'हॅलो' म्हटलं की, "साहेब, जरा वहिनींना द्या." मी द्यायचो. ती बोलत गॅलरीत जायची. एकदा तर मी तिला म्हटलं, मलाही शिकव. तिनं मन लावून शिकवलं. दोन आकड्यांची बेरीज करणारं सीचं मॉड्यूल मी बनवलं, ते चाललंसुद्धा. त्याच्या पुढे गेलो नाही. तिच्यासमोर अडणं मला जड जात होतं.

आता उदगीरच्या एका मिलचं काम आलंय, लातूरच्या मालकांनीच नाव सुचवलं. कुणाचं, ते मी विचारलं नाही. परवा त्या मिलची गाडी आम्हाला न्यायला आली. तिथले मालक स्वतः चालवत होते. ती पुढे बसली, मी मागे. गाव सुटल्यावर ते कानडीत बोलायला लागले आणि ही पण कानडीतच उत्तरं द्यायला लागली. हिचं माहेर देगलूरचं, तिला येते. मला चार शब्द कळतात. दोघं हसले, मालकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मिलपाशी उतरताना मी तिला विचारलं, "काय म्हणत होते?"

"तुझ्या स्क्रीनचं कौतुक करत होते. लातूरला बघितली म्हणे, वापरायला लई सोपी केलीय."

ते खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.