सलोख्याच्या दिवशीचा सत्कार

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर असलेला आमचा सहकारी माझ्याच गल्लीत भाड्याने राहत असे. त्याच्या बोटांना अमोनियाचा उग्र दर्प चिकटलेला असे. संध्याकाळी नळाखाली कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय तो लेकीच्या पुस्तकाला शिवत नसे. तो पारधी आहे हे कार्यालयाला ठाऊक होते, गल्लीला नव्हते. त्याच्या दोन खोल्यांचा संसार त्या एका न-कळण्यावर उभा होता.

"मॅडम, पोरीची दहावी होऊ द्या," तो एकदा मला म्हणाला होता, "मग कळलं तरी चालंल."

हरभरा घाट्यांवर आला होता, तेव्हा महाविद्यालयात कार्यशाळा ठरली. आदिवासी आणि भटक्या समाजांचे ज्ञान, त्यांच्यावरचा अन्याय आणि सलोखा. प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी, सर्वांना उपस्थिती अनिवार्य. सभागृहात फिनेलचा आणि शिळ्या झेंडूचा वास कोंदला होता. शहरातून आलेल्या बाईंनी आम्हाला गोल उभे केले, एकमेकांचे हात धरायला लावले आणि डोळे मिटून क्षमायाचना म्हणवून घेतली. परिचराचा हात माझ्या हातात होता. खरखरीत, उबदार. तोही आमच्याबरोबर क्षमा मागत होता. कोणाची, ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

प्रमुख पाहुणे म्हणून पोलीस निरीक्षक आले होते. आमच्याकडे वृक्षारोपण असो की स्नेहसंमेलन, निरीक्षकसाहेब ठरलेलेच. ज्या जमातीची पोरे चोरी कुठेही झाली तरी आधी उचलली जातात, तिच्याविषयीच्या कार्यक्रमालाही तेच असावेत यात कोणाला काही खटकले नाही. समारोपाला प्राचार्यांनी माईक हातात घेतला. आवाज भरून आला होता.

"आपल्यातच एक पारधी बांधव इतकी वर्षं मूकपणे सेवा करतो आहे. त्याचा सत्कार साहेबांच्या हस्ते होईल."

तो उठला नाही. शेजारच्यांनी उठवला. साहेबांनी त्याच्या हातात नारळ दिला, डांबरगोळ्यांचा वास येणारी शाल खांद्यांवर टाकली, ती घसरू नये म्हणून खांदा घट्ट धरला, आणि तेवढ्यात फोटो निघाला. दुपारच्या आत तो फोटो नावासकट गावाच्या प्रत्येक ग्रुपवर पोचला.

चहाच्या वेळी एक प्राध्यापक म्हणाले, "हे पहिल्यांदाच बघायलोय राव! साहेबानं पारध्याला धरलं, आन् वरून नारळ दिला!"

सगळे हसले. तोही हसला, त्याच्याकडून ते अपेक्षित होते.

आठवडा उलटायच्या आत घरमालकांनी त्याला खोल्या रिकाम्या करायला सांगितले. मी त्यांच्याकडे गेले. अंगणात सडा पडला होता, ओल्या मातीचा गारवा होता आणि गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत होते.

"मॅडम, मानूस लय चांगलाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पन गल्लीत कुठं काय झालं, तर पोलीस पहिले माझ्याच दारात येतील का न्हाई?"

"काका, त्याच पोलिसांनी त्याचा सत्कार केलाय."

"तेच तर म्हणायलोय. वळखतेत त्याला."

मी प्राचार्यांना सारे सांगितले. ते हळहळले. "मालकांनाही कार्यशाळेला बोलवायला हवं होतं," म्हणाले, आणि अहवालाच्या मुखपृष्ठासाठी तोच फोटो निवडला.

गावात त्याला दुसरी खोली मिळाली नाही. फोटो त्याच्या आधी प्रत्येक दारात पोचलेला असे. शेवटी देवगाव फाट्याच्या पुढे, ज्या पालांच्या वस्तीतून त्याचा बाप त्याला शिकण्यासाठी बाहेर घेऊन आला होता, तिथेच तो बायको-मुलीसह परतला. मुलीने परीक्षा दिली नाही. पोलिसांनी धरलेल्या बापाची पोरगी म्हणून वर्गात जी हाक पडू लागली होती, ती तिने मला सांगितली. मी ती इथे लिहिणार नाही.

आता तो एसटीने येतो. बस चुकली की हजेरीच्या यंत्रावर उशीर उमटतो. परवा प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतले. मीही काही कामासाठी तिथेच बसले होते. ते रागावले नाहीत. सलोख्यानंतर ते त्याच्याशी फार मायेने बोलतात.

"अहो, इतक्या लांबून रोज कशाला धडपडता? गावातच एखादी खोली बघा ना."

त्याने खाली पाहिले. अमोनियाचा तो दर्प माझ्यापर्यंत आला.

"बघतो सर," तो म्हणाला.