छत्तीस नंबरची खोली

वृद्धाश्रमात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. जिना चढताना पायऱ्या मोजायची, गोळ्यांचं पाकीट दोनदा मोजायची. नवरा चारचौघांत सांगायचा, पहिल्या भेटीत हिनं माझं तोंड बघितलंच नाही, शर्टाची बटणं मोजली. एक कमी निघालं. बावीस वर्षं वृद्धाश्रमातल्या कॉम्प्युटरचं सगळं तीच बघत होती.

खोल्या छत्तीस. प्रत्येक न्हाणीघरात मदतीची बेल. रोज सकाळी तिचा प्रोग्राम एकेक खोलीची तार तपासायचा आणि बिघाड दिसला की वायरमनकाकांना निरोप धाडायचा. दोन महिन्यांपूर्वी तिनं तो जुन्या भाषेतून नव्या भाषेत लिहून काढला. पहिल्या, नवव्या, विसाव्या खोलीची तार स्वतः काढून पाहिली. निरोप बिनचूक गेले.

आणि सोमवारी छत्तीस नंबरचे मास्तर न्हाणीघरात पडले. बेल दाबून दाबून थकले. चहा घेऊन कामवाल्या मावशी गेल्या तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तार उंदरानं कुरतडलेली, कधीची कोण जाणे.

खापर वायरमनकाकांवर फुटलं. निरोप आलाच नाही, असं ते गयावया करून सांगत राहिले. पण प्रोग्राम मोजणीबाईंचा, म्हणजे निरोप गेलाच असणार. काकांनीच पुसला असेल, असं व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी तिच्यानं राहवेना. तिनं प्रोग्राम उघडला. खोल्यांची ओळ एकपासून सुरू होऊन छत्तीसवर संपत होती. जुनी भाषा दोन्ही टोकं धरायची. नवी भाषा पहिला आकडा घेते आणि शेवटच्या आकड्याच्या अलीकडेच थांबते. तिथं सदतीस लिहायला हवं होतं. हे तिनं वाचलंही होतं. पण बोटांना बावीस वर्षांची सवय. प्रोग्राम तपासत होता त्या खोल्यांची यादी तिनं छापली आणि मोजली. पस्तीस. परत मोजली.

एक आकडा बदलून गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती कागद घेऊन उठली.

व्यवस्थापकांच्या दाराबाहेर काका हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"जमा करायला सांगितलीय," ते म्हणाले. "मोजून घेता का? तुमच्याइतकं पक्कं कोण मोजणार?"

टोमणा होता की साधं बोलणं, तिला कळेना.

"काका, निरोप आलाच नव्हता तुम्हाला. माझ्याकडूनच गेला नव्हता."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "चार दिवस मी घरात खोटारडा ठरलोय, बाई. लेकीनंसुद्धा विचारलं, बाबा, खरंच पुसलात का?"

ती आत गेली. तुमच्या हातून चूक होणंच शक्य नाही, काकांची दया येऊन बोलताय, असं म्हणून व्यवस्थापक हसले. तिनं कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"तुम्हीच मोजा."

ते बोट ठेवून मोजू लागले. ती पायांकडे बघत उभी राहिली. पस्तिसावर त्यांचं बोट थांबलं. पुढं कागद कोरा होता.